ऐकणारं लेकरू, बोलणारं लेकरू : गावातल्या वाचनकट्ट्यासाठी गोष्टी आणि कामं सुचवा

पळसफूल
उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या समाजमंदिरात वाचनकट्टा ठरला आहे. सहा ते बारा वयाची पंचवीसेक लेकरं, सकाळी साडेसात ते नऊ. मे महिन्यात त्यानंतर टिनाच्या छपराखाली कोणाला बसवत नाही.

मोठ्या माणसांची तक्रार अशी, की आजकालची पोट्टी उलटून बोलतात. शाळेची तक्रार अशी, की हीच पोट्टी वर्गात तोंड उघडत नाहीत आणि पाहुणा आला की दाराआड लपतात. दोन्ही तक्रारी त्याच लेकरांबद्दल आहेत, म्हणून हा धागा. वळणही लागावं आणि स्वतःचा बाणाही राहावा, हे एकत्र कसं बसवायचं?

रोज एक गोष्ट वाचायची आणि तिला जोडून एक काम द्यायचं, असा विचार आहे. "संस्कार हवेत" एवढंच कृपया लिहू नका. काय, कसं, किती वेळ आणि कुठं फसतं ते लिहा. आपापल्या लेकरांचं कौतुक दुसऱ्या धाग्यावर.

खडूफळा
आधी धाक आणि वळण वेगळं करून घ्या. धाकाचं लेकरू मोठं माणूस समोर असेपर्यंत नीट वागतं. वळणाचं लेकरू आपल्याहून लहानाशीही नीट बोलतं. पारख करायची तर लेकरू आबाजींशी कसं बोलतं ते पाहू नका, चार वर्षांच्या भावाकडून चेंडू कसा मागून घेतं ते पाहा.

दुसरं, लेकरांना आपण "नीट बोल" सांगतो, पण नीट म्हणजे कोणतं वाक्य ते देत नाही. वाक्यं तयार द्यावी लागतात. पहिल्या आठवड्याला ही पाच पुरेत :

"मले समजलं नाही, पुन्हा सांगता काय?"
"थोडं थांबा, विचारून येतो."
"हे माझ्याकडून झालं. मी भरून देतो."
"मला नको, पोट भरलं."
"मला तसं नाही वाटत. सांगू काय?"

यात एक नकार आहे आणि एक मतभेद आहे, ते मुद्दाम. नाही म्हणायची सभ्य रीत ज्याला दिली नाही ते लेकरू एकतर गप्प बसतं, नाहीतर अंगावर येतं. गावात ज्याला उलटं बोलणं म्हणतात त्यातलं पुष्कळसं हेच असतं.

सराव जोडीजोडीनं, दहा मिनिटं. एक लेकरू मोठं माणूस होतं, दुसरं वाक्य म्हणतं, मग अदलाबदल. तीन गोष्टी पाहायच्या : आवाज चार हातांवर ऐकू येतो का, मान वर आहे का, वाक्य शेवटापर्यंत जातं का. बहुतेक लेकरं शेवटचे दोन शब्द गिळतात. फसतं कुठं? मोठं माणूस झालेलं पोर खोटंखोटं खेकसायला लागतं आणि सगळा खेळ तिथंच रंगतो. त्याला आधीच सांगा, तुझं काम फक्त ऐकायचं.

वऱ्हाडीठसका
राजेहो, पयले एक गोष्ट साफ करा. आपल्या बोलीत 'तुमी' हाय, 'जी' हाय. 'हो जी', 'या जी, बसा जी'. याच्याहून जास्त आदर कुठून आनता? पन लेकरू शाळेत गेलं का त्याले सांगतेत, असं नको बोलू, शुद्ध बोल. मंग ते बोलनंच सोडून देते. पाहुन्यापुढं तोंड काऊन उघडत नाई, हे समजलं का आता?

'बे' मातर सोबत्यालेच. आबाजीले 'बे' म्हनलं तर ते चुकलंच. हा फरक लेकराले सांगा, बोली चुकीची हाय असं सांगू नका. घरची बोली घरी, शाळेची शाळेत, दोन्ही धडधडीत आल्या पायजेत. वरच्या पाच वाक्यांतलं पयलं वऱ्हाडीत लिवलं हाय अन् बाकीचे पुस्तकी. असं कायले?

खडूफळा
बरोबर आहे. पाचही वाक्यं लेकरांकडूनच त्यांच्या बोलीत करून घ्या. त्यातच सराव होतो.

झाडीतली
फक्त एक. 'जी'चा लहेजा सगळीकडं सारखा नाही. भंडारा-गोंदियाकडं ते प्रत्येक वाक्याला चिकटतं, बुलढाण्याकडं 'भाऊ' आणि 'हो' जास्त ऐकू येतं. गावात जे चालतं तेच घ्या. आणि नाती गावातलीच ठेवा : मोठे बाबा, मोठी माय, काकाजी, मामाजी, आत्याबाई. सगळ्यांना सरसकट अंकल-आंटी केलं की कोणाशी किती मोकळं बोलायचं याचा अंदाज लेकराला येत नाही.

अंगणवाडीताई
सहा-सात वर्षांच्यांसाठी पाहुण्याला पाणी देणं हे एकच काम चार दिवस घ्या. सोपं वाटतं, नसतं.

माठावरून गडवा (तांब्या) भरायचा तो कानाला धरून. बोटं आत नको. गिलास पाऊण भरायचा. काठोकाठ भरला की चार पावलांत सांडतो, मग कोणीतरी ओरडतं आणि लेकरू पुढच्या वेळी पाणी घेऊन जातच नाही. गिलास खालून धरायचा, वरच्या काठाला हात नाही. उन्हातून आलेल्याला आधी, मग वयानं मोठ्याला. त्यानं गिलास हातात घेईपर्यंत आपला सोडायचा नाही. दोन पावलं मागं सरून उभं राहायचं, टक लावून पाहायचं नाही. "अजून देऊ काय?" विचारायचं. रिकामा गिलास घेऊन आत जायचं आणि कोण आलं ते सांगायचं.

इथपर्यंत वळण झालं. बाणा यायचा तर आणखी एक पायरी हवी : लेकरानं पाहुण्याला एक प्रश्न विचारायचा. कोणत्या गावाहून आले, गाडीनं आले की बसनं, तुमच्याकडं पाणी आलं काय. प्रश्न लेकराचा स्वतःचा. आपल्याकडं होतं उलटंच. पाणी दिलं की "जा, खेळ जा", नाहीतर "कविता म्हणून दाखव". कविता म्हणायला लावणं म्हणजे लेकराची नुमाइश. ते बंद करा.

पाया पडायलाही जबरदस्ती नको. हात जोडून नमस्कार केला की मान राखला गेला. कोणाच्या मांडीवर बसायचं नसेल, गालाला हात लावू द्यायचा नसेल, तर लेकराचं "नको" घरच्यांनी पाहुण्यादेखत उचलून धरायचं. एकदा नातेवाइकासमोर त्याचा नकार मोडला, तर पुढं नको त्या माणसासमोर नकार द्यायला त्याच्याजवळ शब्दच उरत नाही.

वर्धेकर
आता गोष्टींकडं. 'श्यामची आई' घ्याच, पण सलग नको. बेचाळीस रात्री आहेत, सगळ्या वाचल्या तर सुट्टी संपते आणि पोरं रडवेली होतात.

कापूसवेच्या
श्याम नको. रडका आहे. आई म्हणेल ते करतो. आजच्या लेकरांना आज्ञाधारकपणा आणखी किती शिकवणार?

वर्धेकर
हा समज पुस्तक न उघडता पसरलेला आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सत्तेला नाही म्हणून आत गेलेल्या माणसाचं पुस्तक आहे ते, एवढं तरी ध्यानात घ्या. तीन प्रकरणं पाहा.

'पत्रावळ' : श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. घरात त्याचं ताट अडतं. स्वतःच्या ताटापुरतं तरी स्वतःला आलं पाहिजे, हा त्याचा गाभा.

'श्यामचे पोहणे' : पोहायला जायला घाबरून लपलेल्या पोराला आई शिमटीनं बाहेर काढते, कारण लोकांनी त्याला भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. लाडानं घरात ठेवणारी आई ही नव्हे.

'स्वाभिमान-रक्षण' : दक्षिणा घेणं श्यामला मिळकत वाटते, आईला ते पटत नाही. फुकटचं घेणं आणि कष्टाचं घेणं यांतला फरक घरात बोलला जातो.

यात रडणं आहे, पण बाणाही पुरेपूर आहे.

कापूसवेच्या
आणि शिमटी? ती लेकरांपुढं वाचणार?

वर्धेकर
वाचणार. वाचून थांबणार आणि विचारणार, न मारता हे कसं करता आलं असतं? पोरं भराभर उत्तरं देतात : कमरेला तरंगणारी सुकडी बांधायची, आधी पायऱ्यांवर बसवायचं, मामानं बरोबर उतरायचं. मग सांगायचं की शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शाळेत मारायलाही मनाई करतो आणि घालूनपाडून बोलून छळायलाही. लेकरांना हे ठाऊक असावं. गुरुजींना ते ठाऊक असतंच.

अंगणवाडीताई
'अळणी भाजी' विसरलात. माझ्या मते कट्ट्यावरची सगळ्यात चांगली चर्चा तिच्यावर होईल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, म्हणून पोरंही गप्प जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. गप्प राहणं हा शिष्टाचार झाला खरा, पण सगळं घर अळणी जेवलं आणि तिला वाईट वाटायचं ते वाटलंच.

लेकरांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? दोन गट पडतील, पडू द्या. तिसरी वाट कोणीतरी काढतंच : "माय, मीठ दे थोडं." चार शब्द. यात भाजीला नाव ठेवलं नाही, स्वयंपाक करणारीला बोल लावला नाही, आणि जेवण सुधारलं. "भाजीत मीठच नाही" आणि "मीठ दे थोडं" या दोन वाक्यांतलं अंतर कळलं, तर तो दिवस सार्थकी लागला.

वऱ्हाडीठसका
याच्यावर मी तं म्हंतो अख्खा दिवस घ्या.

खडूफळा
पत्रावळीचं काम लगोलग जोडा. आपल्याकडं पळस आहे आणि पळसाला पानं तीनच. मे महिन्यात पानं पूर्ण वाढलेली असतात. मधलं टोकाचं पान सगळ्यात मोठं, ते बुडाला. धुवून, पुसून, शिरेची बाजू खाली. एक पान मध्ये, भोवती सहा-सात, प्रत्येकाचा एक तृतीयांश भाग शेजाऱ्यावर चढलेला. बांबूच्या बारीक चोया, टाका आत-बाहेर, टोक खाली दाबायचं.

चुका ठरलेल्या आहेत. पानं कमी चढवली की वरण मांडीवर. चोयेचं टोक वर राहिलं की पहिल्या घासाला बोटाला टोचतं. पान ओलं असताना टाचलं की सुकल्यावर टाका ढिला पडतो. चोया लेकरांच्या हाती तासलेल्या द्या, कोयता मोठ्यांकडं. दहा वर्षांच्या पोराला पहिली पत्रावळ अर्धा तास घेते, चौथी पाच मिनिटांत होते. पहिली कशीही झाली तरी ज्याची त्यानं तिच्यातच जेवायचं.

पळसफूल
हे फार कामाचं झालं. मुलींच्या गोष्टी कोणत्या? यादीत सगळे मुलगेच दिसताहेत.

वर्धेकर
'तोत्तोचान'. जपानी, तेत्सुको कुरोयानागी, १९८१. लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणाची खरी हकीकत आहे, त्यामुळे कल्पित म्हणून नका वाचू. पहिल्या शाळेनं काढून टाकलेली मुलगी. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिचं म्हणणं चार तास ऐकतात. वर्ग आगगाडीच्या डब्यांत.

वाचायला पाकिटाचं प्रकरण घ्या. तिचं आवडतं पाकीट संडासात पडतं. ती लांब दांड्याचं ओगराळं आणून मैला बाहेर उपसत बसते. मुख्याध्यापक येतात, काय चाललंय विचारतात, आणि एवढंच म्हणतात की काम झालं की हे सगळं परत आत टाकशील ना? रागावत नाहीत, मदतही करत नाहीत. पाकीट सापडत नाही. ती सगळं परत टाकते.

हे वाचून झालं की बोलू नका. पोरं आधी संडासावरून पाच मिनिटं हसणार, त्यांना हसू द्या. मग कोणीतरी विचारतं, "ते रागावले काऊन नाही?" त्या प्रश्नाची वाट पाहायची.

पिप्पीही आहे, स्वीडनची, १९४५. नऊ वर्षांची, एकटी राहते, घोडा उचलते. चहापानाला बोलावलं की पार वाट लावते. लहानांना मजा येते, पण तिला जोडून काम काय देणार?

कापूसवेच्या
फास्टर फेणे? फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला. भा. रा. भागवतांनी वीस पुस्तकं दिली त्याला. मोठ्यांच्या नाकावर टिच्चून धावतो, पण उद्धट कुठंच नाही. नऊच्या वरच्यांना आपापलं वाचायला द्या.

आणि प्रेमचंदांची 'ईदगाह' सोडू नका. हमीदकडं तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात, तो आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी काढताना तिचे हात भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हमीद छाती घट्ट करून विचारतो, तीन पैशांत देता का. भाव करण्यातलं धैर्य आणि विनय एकाच वाक्यात आहे. घरी आल्यावर आजी आधी चिडते, हे गाळू नका. चांगलं काम केलं की लगेच शाबासकी मिळते असं नाही, हे लेकरांना तिथंच कळतं.

याच्यापुढं काम अर्थातच दुकानाचं.

पळसफूल
दुकानाचं जरा फोडून सांगा.

कापूसवेच्या
सात-आठ वर्षांच्यांना आधी तीन वस्तू, कागदावर न लिहिता. नऊच्या पुढं पाच वस्तू आणि हिशेब. निघण्याआधी घरी तीन गोष्टी वदवून घ्या : काय, किती, आणि नसेल तर त्याऐवजी काय. तिसरी गोष्ट बहुतेक घरांत राहते. मग लेकरू रिकाम्या हातानं परत येतं किंवा दुकानदार देईल ते आणतं. "पाव किलोचा पुडा नसला तर सुटी आण, तेही नसलं तर राहू दे." निर्णय त्याला करू द्या.

दुकानात उभं राहिलं की मोठी माणसं डोक्यावरून हात घालून आधी घेतात. यासाठी वाक्य पाठ हवं : "काकाजी, माझा नंबर आधी आहे." एकदा म्हणायचं, दुकानदाराकडं पाहून, पुढं घुसणाऱ्याकडं पाहून नाही. दुकानदाराला रांग लावणं भाग पडतं आणि भांडण होत नाही.

समजा शंभराची नोट दिली आणि त्र्याहत्तर झाले. वजाबाकी तोंडी नको, वर मोजत जायचं : त्र्याहत्तर, सात दिले की ऐंशी, वीस दिले की शंभर. सत्तावीस आले पाहिजेत. पैसे तिथंच मोजायचे, खिशात टाकल्यावर नाही. कमी आले तर "पुन्हा मोजता काय?", "तुम्ही कमी दिले" नाही. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट दिलं तर "नको, पैसे द्या नाहीतर वहीत लिहा" म्हणता आलं पाहिजे. याला फार धीर लागतो. लेकराला चॉकलेट नको म्हणायला लावतोय आपण, एवढं समजून घ्या.

घरी आल्यावर दोन रुपये चुकले तर बोलू नका. कागदावर पुन्हा मांडायला लावा. दोन रुपयांवरून जिथं आरडाओरडा होतो, तिथं पुढच्या खेपेपासून खोटा हिशेब ऐकायला मिळतो.

झाडीतली
दुकानाचं निघालंच आहे तर पानठेल्याचंही बोला. गावोगाव मोठी माणसं लेकरालाच पाठवतात : "जा, एक खर्रा घेऊन ये." आणि नाही म्हटलं तर पोट्टं उद्धट.

शेतशिवार
एवढ्यानं काय होते? मोठ्याचं काम ऐकलं म्हणजे वाईट झालं काय?

झाडीतली
होतं ते असं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटताना लेकरू रोज पाहतं, कागद वासासकट हातात धरून घरी आणतं, आणि उरलेले दोन रुपये त्यालाच मिळतात. व्यसनाची ओळख आणि बक्षीस, दोन्ही एकाच खेपेत. शिवाय २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायला मनाई करतो. कोणासाठी नेतोस, हे ठेलेवाल्यानं विचारायचं कारणच नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीलाही बंदी आहे.

लेकराला वाक्य द्या : "काकाजी, पाणी आणून देतो, खर्रा नाही आणत." आधी काय करू शकतो ते, मग काय नाही ते. मोठ्याचा मान राहतो, नकारही ठाम राहतो. आवाज न चढवता दुसऱ्यांदा तेच म्हणायचं. तिसऱ्यांदा सांगितलं तर तिथून निघून घरी सांगायचं. पण ही पोरं घरी गेल्यावर बापच म्हणाला "त्यानं सांगितलं होतं तर आणायचा होता", तर सगळं मुसळ केरात. म्हणून हे वाक्य शिकवायच्या आधी पालकांची एक बैठक घ्या, एवढ्या एका विषयावर.

शेतशिवार
बैठकीत अर्धे खर्रा खातच बसतील. पण मुद्दा पटला. मग कामं कोणती सांगावी अन् कोणती नाही, तेही लिहून ठेवा.

खडूफळा
शेळीला चारा, कोंबड्या झाकणं, धुऱ्यावर डबा पोचवणं, बी मोजून ठेवणं चालेल. मोटारीचा स्टार्टर, विळा, फवारणीचा पंप, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, विहिरीचा काठ : नाही. फवारणी केलेल्या वावरात डबा घेऊनही नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीनं मोठी माणसं दगावली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौदाच्या आतल्यानं घरच्या कामात हात लावायचा तो शाळेची वेळ सोडून आणि धोका नसलेल्या कामातच, असं कायदाही म्हणतो.

भुलाबाईची_सखी
सुट्टी संपली तरी सण आहेत की. तान्हा पोळा आणि भुलाबाई, आपल्याकडं लेकरांना घरोघर जायची मुभा देणारे दोन प्रसंग. नव्या शिबिराहून हे बरे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून पोरं दारोदार जातात. दारात नाव सांगायचं, नंदी खाली ठेवायचा, ओवाळून होईपर्यंत थांबायचं, बोजारा (घरोघर मिळणारी ओवाळणी) उजव्या हातानं घ्यायचा, दारात मोजायचा नाही. कमी दिला म्हणून तोंड वाकडं नाही. आई-बापानं मागं मागं फिरायचं नाही, हे मुख्य. चार पोरांचा गट, त्यात एक मोठा, गल्ली ठरलेली, परतायची वेळ ठरलेली. बोजाऱ्याचं काय करायचं ते लेकरू ठरवेल. आता पालकांनीच तीन फुटी बैलांची स्पर्धा लावलीय, त्यात पोरगं नुसतं दोरी धरून उभं असतं. चाकं नसलेला ओबडधोबड बैल स्वतः रंगवून आणलेल्याला पहिला ओवाळा.

भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. ज्या घरची भुलाबाई, त्या घरची मुलगी डबा वाजवते आणि खेळ तीच चालवते : कोणाचा नंबर, गोड की तिखट, हरलो कधी म्हणायचं. आठ वर्षांची पोर वीस जणींना सांभाळते. मध्ये मोठ्या बायकांनी "अगं सांगून टाक ना" म्हटलं की तिच्या हातचा खेळ गेला. मोठ्यांनी पाटावर बसून गप्प राहावं. मुलगे दारात घुटमळतात, त्यांनाही घ्या आत.

अंगणवाडीताई
शेवटच्या दिवशी पंगत ठेवणार असाल तर वाढायला लेकरंच. मीठ, लोणचं, पोळी, पाणी लहानांकडं. वरण, कढी आणि कढत काहीही बाराच्या वरच्यांकडं. एका टोकापासून, एकाच दिशेनं, पत्रावळ ओलांडायची नाही. "वाढू काय?" विचारून वाढायचं. समोरच्यानं पानावर हात आडवा धरला की थांबायचं, एकदाच विचारायचं. आपल्याकडं आग्रह म्हणजे प्रेम. त्यात उष्टं जातं आणि "नको" या शब्दाला किंमत राहत नाही. पंगतीतला नको लेकरांनी पाळला, तर स्वतःचा नको पाळला जावा अशी अपेक्षा ती करू शकतील.

वर्धेकर
पंगतीत काय करायचं हे लेकरांच्या सभेनं ठरवावं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकायची पद्धत, उभी राहिली. सेवाग्रामच्या त्या शाळेत सफाई आणि स्वयंपाक हाही अभ्यासच होता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. पोरांना हेच वापरू द्या. गोल बसायचं, हातात गडवा असेल त्यानंच बोलायचं, दोन मिनिटं. विरोध असेल त्यानं फक्त "नाही" म्हणून चालणार नाही, दुसरा उपाय सांगायचा. पंचवीस जणांत फार वेळ जातो, म्हणून आठ-आठचे तीन गट. मोठ्यांनी मत द्यायचं नाही. आणि जे ठरेल ते पाळायचं, जिलबीऐवजी नुसती बुंदी ठरली तरी.

वऱ्हाडीठसका
गाडगेबाबाचं कीर्तन आठवा. ते लोकाइले इचारत जात, लोकं उत्तर देत, मंग पुढचा सवाल. शेंडगावचा मानूस, आपलाच. सांगत बसन्यापेक्षा इचारा. कट्ट्यावर मोठ्याचं भाषन नको, गोष्ट झाल्यावर तीन सवाल, बस.

पळसफूल
धन्यवाद सगळ्यांना. सध्या असं बसवतेय : पहिले चार दिवस वाक्यं आणि पाणी, मग पत्रावळ, अळणी भाजी, ईदगाह आणि दुकान. खर्ऱ्याची बैठक पहिल्याच रविवारी, लेकरांना ते वाक्य त्यानंतर. पाकिटाचं प्रकरण मधल्या कंटाळ्याच्या दिवशी. मोठ्या सहा-सात जणांना तालुक्याच्या बाजारात एसटीनं न्यायचा विचार आहे. एक अडचण : तिकिटं त्यांनीच काढायची म्हटली, तर कंडक्टर सुटे नाहीत म्हणून तिकिटामागं बाकी लिहून देतो आणि लेकरं मागायला लाजतात.

कापूसवेच्या
पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट. बारा पूर्ण झालेल्याचं वेगळं काढा, नाहीतर गाडीत पहिला धडा खोटं वय सांगायचा होईल. चढायच्या आधीच प्रत्येकाच्या हाती सुटे ठेवा. तरी बाकी राहिलीच तर कंडक्टर गर्दीतून मागं येईल याची वाट पाहू नये. उतरायच्या एक थांबा आधी जागेवरून उठायचं, दांडा धरून पुढं जायचं, लिहिलेली बाजू वर करून तिकीट दाखवायचं आणि म्हणायचं, "काका, पाच रुपये राहिले." पैसे हातात येईपर्यंत तिकीट सोडायचं नाही.